उरलेली बाजू

ज्यांचे अर्धे अंग निकामी झाले आहे अशा माणसांची साप्ताहिक बैठक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरवावी, असा निर्णय ज्या अधिकाऱ्याने घेतला, त्याचे दोन्ही पाय उत्तम स्थितीत असले पाहिजेत. लिफ्टच्या दारावर 'दुरुस्तीचे काम चालू आहे' अशी पाटी होती आणि मी ती प्रथम पाहिली तेव्हाच तिची अक्षरे पुसट झालेली होती. या विषयावर मी आजवर चौदा अर्ज केले. तीन अर्जांची पोच मिळाली. एकाला उत्तर आले. त्यात पाटी नव्याने रंगवून घेण्यात येईल असे आश्वासन होते, आणि ते मात्र तंतोतंत पाळले गेले.

नानांची आणि माझी गाठ याच जिन्यात पडली. मी सरकारी खात्यात पंचवीस वर्षे मसुदे लिहिण्यात घालवलेला माणूस. पक्षाघाताने माझा डावा गाल बधिर केला, ओठाचा डावा कोपरा खाली ओढला आणि डाव्या पायाला घासत चालण्याची खोड लावली. एवढ्यावर माझे भागले. नाना माझ्या चार पायऱ्या पुढे होते. उजव्या हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवीत ते चढत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर, डाव्या भिंतीशी, आग विझवण्याच्या वाळूची लाल बादली असते. नाना सरळ तिच्यावर जाऊन आदळले.

"कोणी ठेवली हो ही इथे?" त्यांनी मागे वळून मला विचारले.

"अकरा वर्षांपूर्वीच्या तपासणीत ठेवलेली आहे," मी म्हणालो. अशा गोष्टी मला ठाऊक असतात.

पुढच्या गुरुवारी ते त्याच बादलीवर आदळले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. तिसऱ्या गुरुवारीही. हा गृहस्थ माझी थट्टा करतो आहे की काय, असे मला वाटू लागले. नाना थट्टा करीत नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती बादली दर आठवड्याला नव्याने अवतरत होती.

नानांचा व्यवसाय केस कापण्याचा. चौतीस वर्षे एकच रस्ता, एकच गाळा. आत लांबलचक आरसा, त्याखाली संगमरवरी फळी, फळीवर ब्रश, तुरटी, पावडरचा डबा. आणि आरशासमोर लोखंडी बुडाची, गरगर फिरणारी, अजस्र खुर्ची. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका बंद पडलेल्या दुकानातून त्यांनी ती आणली होती आणि दर पंधरवड्याला तिला स्वतः तेल दिले होते. नाना गिऱ्हाइकाशी गप्पा मारीत नसत. "माझं तोंड चाललं, तर वस्तऱ्याकडे लक्ष कोण देणार?" असे म्हणत. काम संपले की मानेवरून एकदा ब्रश फिरवून ते एकच शब्द उच्चारीत : "झालं." त्या शब्दाची पत अशी होती की जुनी गिऱ्हाइके आरशात न पाहताच उठत.

तो प्रसंग घडला तेव्हा ते एका माणसाचे कल्ले सारखे करीत होते. डाव्या हातातला कंगवा पडला. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा गिऱ्हाईक म्हणाले, "नाना, दमलात तुम्ही. पडा जरा आत." नाना आतल्या बाकड्यावर पडले आणि अडीच तास पडून राहिले. त्या अडीच तासांत मेंदूचे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले. त्या रस्त्यावर औषधांची तीन दुकाने आहेत. टक्कल घालवण्याच्या जाहिराती तिन्ही दुकानांच्या काचांवर आहेत. तोंड वाकडे झाले, हात गळाला किंवा जीभ अडखळली, तर माणसाला झोपवू नये, क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावे, हे सांगणारा एक कागद कोणाला चिकटवावासा वाटला नाही. यावरही माझा अर्ज आहे, तो पंधरावा.

रुग्णालयातून घरी आल्यावर नाना ताटातले उजव्या बाजूचे अन्न तेवढे खात आणि कुरकुरत, "हल्ली अर्धपोटीच ठेवता तुम्ही मला." त्यांची लेक ताट अर्धे फिरवून ठेवी.

"आता कसं," नाना म्हणत. "हे आधीच वाढायला काय झालं होतं?"

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी लेकीला समजावून सांगितले की, डोळे शाबूत आहेत. मेंदूच डाव्या बाजूची दखल घेईनासा झाला आहे. त्यांना डावीकडे अंधार दिसत नाही. डावीकडे काही असते, हेच त्यांना आठवत नाही. माझ्या बाबतीत निदान एवढे तरी आहे की, गाल बधिर आहे हे मला कळते. नानांच्या आजाराने नानांपासून स्वतःचा पत्ताच लपवून ठेवला होता.

त्याचा परिणाम दीड महिन्याने सगळ्या रस्त्याने पाहिला. दुकान आता लेक सांभाळत होती. काम तिने बापाच्याच हाताखाली शिकलेले. एके सकाळी ती येण्याआधी नानांनी शटर अर्धवट उचलले आणि आत जाऊन उभे राहिले. तेवढ्यात त्यांचे जुने गिऱ्हाईक असलेला टपालवाला आला, खुर्चीत बसला आणि शिरस्त्याप्रमाणे पेंगू लागला. नानांनी उजव्या हाताने मशीन चालवले, मानेवरून ब्रश फिरवला आणि म्हणाले, "झालं." टपालवाल्याने आरशात न पाहता टोपी चढवली आणि तो कामावर गेला. कचेरीत टोपी काढली तेव्हा डोक्याची उजवी बाजू सैनिकासारखी होती आणि डावी कवीसारखी.

तो भला माणूस दुपारी परत आला आणि लेकीसमोर खुर्चीत बसला. "दुसरी बाजूही उरकून टाक," एवढेच म्हणाला. पण कचेरीतली माणसे तेवढी भली नव्हती. आठवडाभरात रस्त्याने नानांना 'अर्धेनाना' हे नाव देऊन टाकले. लेकीने वस्तरे, कात्र्या, मशीन सगळे फळीखालच्या खणात घातले, खणाला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. त्यानंतर नाना गुरुवारच्या बैठकीला येऊ लागले, कारण दुसरीकडे जाण्याजोगे त्यांना ठिकाणच उरले नव्हते.

आमच्या बैठकीत तेव्हा नऊ जण होते. त्यांपैकी दोघांची ओळख करून देणे आवश्यक आहे. एक ट्रक ड्रायव्हर. त्यांचा तोल गेलेला. ते चार पायांची काठी घेऊन चालत आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना हाका मारीत. मला ते 'अर्जसाहेब' म्हणत. दुसऱ्या म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना आम्ही बाई म्हणत असू. त्यांना सगळे समजत असे, परंतु आजाराने त्यांच्यापाशी 'पुढचा धडा' हे दोनच शब्द शिल्लक ठेवले होते. चहा हवा, चहा नको, खिडकी लावा, मूर्खपणा करू नका, हे सर्व त्या याच दोन शब्दांत सांगत, आणि महिन्याभरात आम्हालाही ते कळू लागले.

नानांचा डावा हात हळूहळू थोडा परतला. बोटे मिटू लागली, पंजा टेकवता येऊ लागला. व्यायामाच्या त्याच ताई बैठकीलाही येत. त्यांनी विचारले, "हाताला काय काम द्यायचं? चेंडू दाबता का?"

"चेंडू नको," नाना म्हणाले. "फुगा द्या."

या व्यवसायात शिकाऊ माणूस पहिली दाढी फुग्याची करतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. फुग्याला फेस लावायचा, डाव्या हाताने तो धरायचा आणि उजव्या हातातल्या वस्तऱ्याने फेस उतरवायचा. कातडी ताणून धरणारा डावा हातच खरी दाढी करतो, उजवा नुसता चालतो, असे नाना म्हणाले. वस्तरा मिळणे शक्य नव्हते. ताईंनी लाकडाची पट्टी दिली. डाव्या हाताला जोर कळत नसल्यामुळे फुगे पट्टीने नव्हे तर पकडीने फुटत. खोलीतल्या नऊही जणांना डॉक्टरांनी धक्के टाळा असे बजावलेले होते.

"नाना, एक जण जरी पुन्हा आडवा झाला ना, तर अर्जसाहेब तुमच्यावर अर्ज करतील," ड्रायव्हर म्हणाले.

"पुढचा धडा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नवा फुगा पुढे केला.

दोन महिन्यांनी फुगे फुटेनासे झाले. परंतु प्रत्येक फुग्याच्या डाव्या अर्ध्या भागावर फेस तसाच असे आणि नाना तो खाली ठेवून म्हणत, "झालं." आम्ही ओरडून सांगत असू, डावीकडे पाहा. नाना पाहत, चकित होत, पुसून काढीत. आणि पुढच्या फुग्याला पुन्हा तेच. मी एकदा त्यांना सात मुद्द्यांचे लेखी टिपण करून दिले. त्यांनी प्रत्येक ओळीचा उजवा अर्धा भाग वाचला आणि मला विचारले, "साहेब, तुमचं मराठी हल्ली बिघडलंय का?"

उपाय सुचला तो ड्रायव्हरला. "तीस वर्षं ट्रक चालवला," ते म्हणाले, "डावं चाक मला एकदाही दिसलं नाही. उजवीकडे बसलेल्याला दिसतच नाही ते. म्हणून डाव्या दारात क्लिनर असतो. गाडी वळवताना तो दारावर दोन थापा मारतो. थाप पडली की थांबायचं. तिकडे काय आहे ते दिसत नसलं तरी काहीतरी आहे, एवढं मानायचं."

"मला कुठला क्लिनर?" नाना म्हणाले.

"स्वतःच व्हा. झालं असं वाटलं ना, की दोन थापा मारा. वाटलं म्हणजे झालं नाही."

नानांनी फुगा हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "आमची पोर ताट फिरवते." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "खुर्चीसुद्धा फिरते की."

त्या दिवसापासून पद्धत ठरली. नानांनी डावीकडे जायचे नाही. उरलेली बाजू फिरवून आपल्या उजवीकडे आणायची. ताईंनी फिरत्या स्टुलावर फुगा बांधला आणि मागच्या भिंतीवर, नानांच्या डाव्या अंगाला, लाल फीत चिकटवली. मान वळवायची ती फीत नजरेला पडेपर्यंत. झाले असे वाटताच नाना स्टुलावर दोन थापा मारीत, स्टूल फिरवीत, उरलेला फेस उतरवीत, आणि जिथून सुरुवात केली तिथवर परत आल्याशिवाय थांबत नसत. दहांपैकी चार वेळा थाप विसरत. मग तीन वेळा. मग दोन.

एवढ्यात त्यांच्या लेकीने दुकान नव्याने सजवायला काढले. दोन नव्या खुर्च्या सांगितल्या. महिनाअखेर जुनी खुर्ची भंगारात जाणार, हे आम्हाला नानांनी सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या आवाजात ती असती. ते एवढेच म्हणाले, "खुर्ची गेली की मी त्या दुकानात फक्त मालकिणीचा बाप."

खुर्ची ठेवावी आणि नानांना वस्तरा द्यावा, असे मी लेकीला पत्र लिहिले, अडीच पानांचे. उत्तर द्यायला ती स्वतः गुरुवारी जिना चढून आली आणि दारातच उभी राहिली.

"पत्र वाचलं, काका," ती मला म्हणाली. "छान आहे. पण वस्तरा गळ्यावर फिरतो, कागदावर नाही. उद्या कोणाला लागलं तर?" मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, एक दाढी. जिवंत माणसाची, पूर्ण. मध्ये कोणी बोलायचं नाही, कोणी खुणा करायच्या नाहीत. केलीत तर खुर्ची राहील आणि तुम्ही तिच्यामागे राहाल. नाही केलीत, तर परत हा विषय नाही."

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "मीसुद्धा शिकाऊ माणसाला एवढंच सांगितलं असतं."

"आणि बसणार कोण?" तिने विचारले. ड्रायव्हर दाढी इतकी गुळगुळीत ठेवीत की ती येतच नाही असे वाटावे. इतरांनी आपापल्या काठ्यांकडे पाहिले.

मी बसेन, असे मी म्हणालो. उदारपणाचा यात भाग नाही. माझा डावा गाल गेली दोन वर्षे कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. तिथे कापले तरी मला कळणार नव्हते. शिवाय या देहाबद्दल मी इतक्या ठिकाणी दाद मागून थकलो होतो, की निदान एका ठिकाणी निकाल लागेल याचे मला आकर्षण वाटले.

दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला आम्ही जमलो. दुकानाला एकच पायरी होती. ही नोंद मी मुद्दाम करतो. बाई आणि ड्रायव्हर बाकड्यावर बसले. लेकीने गळ्यातली किल्ली काढून खण उघडला, एक वस्तरा बाहेर काढून नवे पाते बसवले आणि खणाला पुन्हा कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. आरशाच्या डाव्या कडेला नानांनी आधीच लाल फीत लावलेली होती.

नानांनी माझ्या गळ्याभोवती कापड बांधले. उजव्या हाताने आणि दातांनी. ब्रशने फेस लावला. मग डावा पंजा माझ्या कपाळावर टेकवला. तो थंड आणि जड होता. वस्तरा उजव्या कल्ल्याखाली टेकला, आणि ज्या क्षणी तो चालू लागला त्या क्षणी मला कळले की या माणसाचा उजवा हात आजारीच पडलेला नाही. पात्याचा आवाज कोरडा आणि सारखा होता. उजवा गाल, हनुवटीची उजवी बाजू, गळा. नानांनी पाते पुसले.

ते थांबले. आरशात मला माझा चेहरा दिसत होता : अर्धा स्वच्छ, अर्धा पांढरा. मागे ड्रायव्हर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. लेक हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती.

नानांनी वस्तरा मिटण्यासाठी उचलला. मग त्यांचा डावा पंजा खुर्चीच्या हातावर पडला. एकदा. पुन्हा एकदा. त्यांनी खुर्ची फिरवली.

डाव्या गालाचे मला जे काही कळले ते जवळजवळ सगळे कानाने. माझा तो गाल सैल, ओघळलेला. त्याला ताणून धरणे निरोगी हातालाही अवघड. नानांनी पंजा कल्ल्यापाशी सपाट ठेवला आणि आपल्या सगळ्या देहाचा भार देऊन कातडी वर ओढली. एकदा वस्तऱ्याचा आवाज मध्येच तुटला. लेक एक पाऊल पुढे आली आणि थांबली. मी तिरक्या नजरेने पाहिले तेव्हा आरशात फेसावर तांबडा ठिपका पसरत होता.

"लागलं," नाना म्हणाले.

"मला काही कळलं नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही कळलं. मला कळलं." त्यांनी तुरटी ओली करून दाबून धरली, रक्त थांबेपर्यंत हलले नाहीत, आणि उरलेली दाढी त्याच संथपणे पुढे चालू केली. जबडा, हनुवटी, ओठाचा वाकडा कोपरा. तिथे त्यांनी श्वास रोखल्याचे मला ऐकू आले. शेवटी ओल्या फडक्याने चेहरा पुसला, मानेवरून ब्रश फिरवला आणि म्हणाले, "झालं."

लेक पुढे आली. तिने हात उचलला, तोच नानांनी तिला अडवले.

"थांब. माझं 'झालं' हल्ली खरं नसतं."

त्यांनी खुर्चीच्या हातावर दोन थापा मारल्या आणि मला पुन्हा फिरवले, यावेळी हळूहळू, बोटभर बोटभर. त्यांची बोटे माझ्या जबड्यावरून सरकत होती आणि बोटांच्या मागून नजर फिरत होती. डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या आतल्या वळणात, अंगठ्याएवढी जागा राहिली होती. मी ती पाहू शकत नव्हतो आणि मला ती जाणवतही नव्हती. लेकीला मात्र ती केव्हाच दिसली होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून आता कळले. नानांनी तिथे पुन्हा फेस लावला, ती जागा साफ केली आणि खुर्ची पूर्ण एक वेढा फिरवली. जिथून सुरुवात केली होती तो उजवा कल्ला पुन्हा समोर येईपर्यंत.

"आता बघ तू," ते म्हणाले. या वेळी 'झालं' म्हणाले नाहीत.

तिने बोटाच्या पाठीने माझ्या जबड्याची एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तपासणी केली. उलट्या दिशेनेही केली.

"कापलंत," ती म्हणाली.

"कापलं."

"शिकताना दुसऱ्या महिन्यात मी एकाला कापलं होतं तेव्हा तुम्ही मला आठ दिवस फुग्यावर बसवलं होतंत."

"मग मीही बसतो आठ दिवस. खुर्ची कुठे जातेय?"

"कुठेही नाही," ती म्हणाली. "पण मी दुकानात असेन तेव्हाच. आणि दोन थापा मला ऐकू आल्या पाहिजेत."

"पुढचा धडा," बाई बाकड्यावरून म्हणाल्या आणि त्यांनी ड्रायव्हरच्या दंडाला कोपराने ढोसले.

"मी? आठ दिवसांनी येतो," ड्रायव्हर म्हणाले. "तोवर वाढवतो."

लेकीने गळ्यातली किल्ली काढली. ती बापाच्या हातात मात्र दिली नाही. संगमरवरी फळीच्या अगदी डाव्या टोकाला, पावडरच्या डब्यापलीकडे, तिने ती ठेवली आणि ती कापड झटकायला बाहेर गेली.

नानांनी फळीवर पाहिले. ब्रश होता, तुरटी होती, फडके होते, किल्ली नव्हती. मी तोंड उघडले आणि मिटले. नानांनी फळीवर दोन थापा मारल्या, आणि लाल फीत दिसेपर्यंत मान वळवायला सुरुवात केली.